पॅरोल, मानवतावादी (अमेरिका)

व्हिसा मिळू न शकणाऱ्या परदेशी व्यक्तीला तातडीच्या मानवी कारणासाठी अमेरिकेत तात्पुरता प्रवेश देणारी कायदेशीर तरतूद. आधार, १९५२ चा स्थलांतर व नागरिकत्व कायदा; पहिला मोठा वापर १९५६ च्या हंगेरियन निर्वासितांसाठी (पहा : निर्वासित).

अर्ज आय-१३१ नमुन्यात, सोबत आर्थिक हमीचा आय-१३४. मुदत बहुधा एक वर्षापर्यंत. नकारावर अपील नाही. म्हणून पहिलाच अर्ज पुराव्यानिशी भक्कम लागतो. तो अमेरिकेतील नातेवाईकही करू शकतो.

पुराव्यासाठी, उदाहरणार्थ मुंबईतील दहिसरच्या कुटुंबाला, जन्म-मृत्यूचे दाखले महापालिकेच्या आर-उत्तर विभागातून मिळतात. या दाखल्यांना डॉक्टरांच्या सहीचे, आजाराची निकड सांगणारे पत्र जोडतात. प्रत्येक मराठी कागदाचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर, त्याखाली ते अचूक असल्याचे भाषांतरकाराचे सहीनिशी निवेदन लागते. अर्ज तयार करणाऱ्या वकिलाचा बराच वेळ इथेच जातो. व्हिसा का मिळत नाही, हेही लिहावे लागते. त्यामुळे आधी शुल्क भरून वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीत व्हिसा-मुलाखतीची साधी तारीख आणि मग तातडीची मुलाखत मागणे इष्ट (पहा : व्हिसा). फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात अपघातात जखमी झालेल्या विद्यार्थिनीच्या सातारा जिल्ह्यातील कुटुंबाला परराष्ट्र मंत्रालयाच्या पाठपुराव्यानंतर अशी मुलाखत मिळाली.