पद आहे तोवर घर

रिसोडसारख्या तालुक्याच्या गावात क्वार्टर म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बदलीची ऑर्डर आली की सामान टेम्पोत चढतं आणि अंगणात लावलेलं झाड मागे राहतं. ख्रिस्ती पाळकाचं घर, म्हणजे पार्सनेज, असंच असतं. घर चर्चचं, आणि पद आहे तोवरच आपलं.

कॅथलिक फादर लग्न करत नाहीत, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्यापाशी फारसा येत नाही. देवळाच्या पुजाऱ्याची इनाम जमीन बहुधा पूजेसोबत पुढच्या पिढीकडे जाई. प्रॉटेस्टंट पाळक मात्र मधोमध अडकला. १५२५ मध्ये मार्टिन ल्यूथरने कॅथरीना फॉन बोराशी लग्न केलं आणि विटेनबर्गच्या जुन्या मठात संसार थाटला. प्रॉटेस्टंट पाळकाच्या घरात बायकामुलं आली. पण पद वारशाने मिळत नव्हतं, मग घर कसं मिळणार?

याची झळ मुख्यतः बायकांना बसली. कादंबरीकार जेन ऑस्टिन इंग्लंडमधल्या स्टीव्हन्टनच्या अशाच घरात वाढली. १८०१ मध्ये वडिलांनी निवृत्ती घेतली आणि घर सुटलं. १८०५ मध्ये ते वारले. मग आई आणि दोघी बहिणी भाड्याच्या जागांत, नातेवाइकांकडे राहिल्या. १८०९ मध्ये भावाने चॉटनला घर दिलं, तेव्हा कुठे त्या स्थिरावल्या.

आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) काम सुरू केलं. कवी नारायण वामन टिळक याच मिशनचे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचं पगारी काम सोडलं आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभारला. दोन वर्षांत ते गेले. मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनची नोकरी धरली. पुढे त्या मुलांसोबत कराचीला गेल्या. 'स्मृतिचित्रे' वाचताना विनोदामागची ही सततची बांधाबांध नजरेतून सुटू नये.

पाळकाच्या पगाराचा विषय निघाला की 'घर तर मिळतंच' असं सहज म्हटलं जातं. त्या घरात आल्यागेल्याचं करणारी, मंडळीतल्या बायकांची दुखणीखुपणी ऐकणारी पाळकीणबाई कुठल्याच हजेरीपटावर नसते. म्हणून घर देतानाच ठरवायला हवं: पाळक निवृत्त झाला किंवा वारला, तर तिने कुठे जायचं?