जुन्या मालवाहू गाडीचे स्टेअरिंग थरथरते? दोष असा शोधा

टाटा ४०७ ही गाडी १९८६ मध्ये बाजारात आली आणि त्यातल्या जुन्या गाड्या आजही भाजीपाला, खते, जनावरे वाहताना दिसतात. या गाड्यांना पुढे सलग लोखंडी अ‍ॅक्सल, पाटे आणि किंग पिन असतात. अशा बांधणीत एका चाकाचा हिसका दुसऱ्या चाकापर्यंत पोचतो. त्यामुळे एखादा लहानसा ढिलेपणाही ठराविक वेगाला पूर्ण स्टेअरिंग हलवून सोडतो. खालील पद्धत अशाच बांधणीच्या इतर जुन्या ट्रकलाही लागू पडते.

आधी हे ठरवा: थरथर कधी होते?

ठराविक वेगाला सुरू होऊन वेग वाढवला की कमी होणारी बारीक थरथर बहुधा टायर, डिस्क किंवा बॅलन्सिंगची असते. खड्डा किंवा गतिरोधक ओलांडल्यावर स्टेअरिंग जोरात डावी-उजवीकडे झटके देऊ लागले आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत थांबले नाही, तर सांधे, किंग पिन किंवा बेअरिंग ढिले आहे असे समजा. फक्त ब्रेक दाबल्यावर हादरा बसत असेल, तर ड्रमचा गोलपणा गेला आहे का ते पाहा.

पुष्कळ ठिकाणी स्टेअरिंग डोलू लागले की पहिला पाना स्टेअरिंग बॉक्सच्या स्क्रूला लागतो. हे करू नका. स्क्रू जास्त आवळला तर वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही, गिअर लवकर झिजतात आणि मूळ दोष तसाच राहतो.

चाके

चिखलाच्या शेतातून आलेल्या गाडीत डिस्कच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसतो. एवढ्यानेही चाकाचा तोल जातो, म्हणून गॅरेजला नेण्याआधी चाके आतून धुवा. टायर थंड असताना हवा मोजा. पुढचे दोन्ही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारख्या झिजेचे हवेत. फुगवटा आलेला किंवा रिमोल्ड केलेला टायर पुढे ठेवू नका. चाकाचे नट आवळून पाहा. नटांची भोके लांबट झाली असतील तर ती डिस्क बाद करा. संशय असेल तर चांगली स्टेपनी एकेका बाजूला लावून गाडी चालवा. थरथर बदलली तर दोष चाकातच आहे.

गाडी उचलून तपासणी

सपाट, टणक जागा निवडा. हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. जॅक अ‍ॅक्सलखाली लावून गाडी उचला आणि घोडीवर किंवा भक्कम लाकडी ठोकळ्यांवर टेकवा. दगड-विटा वापरू नका. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका.

आता एक हात चाकाच्या वर, दुसरा खाली धरून चाक आत-बाहेर हलवा. प्ले जाणवला तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग ढिले आहे. तसाच राहिला तर किंग पिन किंवा त्याचे बुश झिजले आहेत. ही एक चाचणी नीट केली तर विनाकारण होणारा बराच खर्च वाचतो.

मग चाक डावी-उजवीकडून धरून हलवा आणि टाय रॉडच्या सांध्यांकडे नजर ठेवा. चाक फिरवून त्याच्या कडेजवळ एक काडी स्थिर धरा. अंतर कमी-जास्त होत असेल तर डिस्क वाकडी आहे. शेवटी गाडी खाली उतरवून मदतनिसाला स्टेअरिंग थोडे-थोडे हलवायला सांगा. ड्रॅग लिंकचा कोणता सांधा आधी रिकामा हलतो आणि मग पुढचा भाग ओढतो, ते उघड दिसते.

पाटे

पाट्याचे यू-बोल्ट सैल आहेत का, मुख्य पाट्याला चीर आहे का, शॅकलचे बुश झिजलेत का ते बघा. सेंटर बोल्ट तुटला की अ‍ॅक्सल सरकतो. चाके सरळ ठेवून पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना दोरीने मोजा. स्पष्ट फरक असेल तर कारण बहुधा हेच. मालही मागच्या अ‍ॅक्सलच्या फार मागे रचू नका, त्याने पुढची चाके हलकी पडतात.

गाडी रस्त्यावर नेऊ नका, जर…

सांध्याच्या नटाची स्प्लिट पिन गायब असेल, सांधा हाताने उघड हलत असेल किंवा मुख्य पाटा तुटला असेल. बाजाराची वेळ टळते म्हणून 'आजची एक फेरी' करण्याचा मोह होतो, पण हा सांधा निसटला की चाकावर ताबाच उरत नाही. माल दुसऱ्या गाडीत भरा.

वाटेतच झटके सुरू झाले तर स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, अ‍ॅक्सलरेटर सोडा, वेग हळूहळू उतरू द्या. ब्रेक एकदम दाबू नका.

दुरुस्तीनंतर

किंग पिन व बुश दोन्ही बाजूंचे एकदम बदला. बुशला रीमर मारावा लागतो, त्यामुळे हे काम गॅरेजचेच. ग्रीस भरताना पुढचे चाक उचललेले असू द्या आणि जुने ग्रीस वर-खाली दोन्हीकडून बाहेर येईपर्यंत पंप मारा. येत नसेल तर निपल मातीने बुजले आहे, ते बदला. टो-इन सर्वांत शेवटी, गाडीच्या पुस्तिकेतील मापाप्रमाणे लावून घ्या. ढिल्या सांध्यांवर केलेले अलाइनमेंट टिकत नाही. आधी रिकामी, मग भरलेली गाडी चालवून पाहा. दहा किलोमीटरनंतर हबला सावधपणे हात लावा. एक हब दुसऱ्यापेक्षा खूप गरम लागला तर बेअरिंग जास्त आवळले आहे. चाकाचे नट आणि यू-बोल्ट पहिल्या भरलेल्या फेरीनंतर पुन्हा आवळा.