डॉ. कोटणीसांची शब्दवही

उत्तर चीनमधील शिजियाझुआंग शहरात हुतात्म्यांची एक स्मशानभूमी आहे. तेथील छोट्या संग्रहालयात शस्त्रक्रियेची जुनी उपकरणे आणि छायाचित्रे जपली आहेत. त्यांच्यासोबत एक शब्दवहीही. ती सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची. भारतातून चीनकडे जाताना वाटेतच त्यांनी ती लिहिली.

१९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनसाठी काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले: अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्याच्या युद्धात डॉक्टर धाडावेत, हे विलक्षणच! कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे होते. पुढे वडिलांच्या निधनाची वार्ता आली, सहकारी एकेक करून परतले; कोटणीस मात्र राहिले.

शब्दवहीने सुरू झालेला भाषेचा अभ्यास फार पुढे गेला. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक चिनी भाषेत लिहू लागले. तेथील परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन.

परंतु परकी भाषा आपलीशी झाली, की त्या लोकांचा पक्षही आपला होतो. जुलै १९४२ मध्ये कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. जखमींची शुश्रूषा करण्यास गेलेला डॉक्टर आता एका लढणाऱ्या पक्षाचा सैनिक होता. करुणा आणि निष्ठा यांतील सीमारेषा त्यांनी जाणूनबुजून ओलांडली; त्यांना केवळ ‘मानवतेचे दूत’ म्हणणे म्हणजे त्यांचा हा निर्णय झाकणे होय. त्याच वर्षी ९ डिसेंबरला अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला. वय अवघे ३२. पाठ्यपुस्तक अपूर्ण, मुलगा साडेतीन महिन्यांचा.

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी चित्रपटातून त्यांची कथा घरोघरी पोहोचवली. १९६२ च्या युद्धाने मात्र त्या मैत्रीची भाषाच अवघड करून टाकली. दोन देशांचे नाव एकत्र धारण करणारा यिनहुआ पुढे वैद्यकशास्त्र शिकू लागला आणि १९६७ मध्ये, पदवी हाती येण्यापूर्वीच, मरण पावला. त्यानंतरही चीनचे नेते भारतात आले, की कोटणीस कुटुंबीयांची भेट घेत राहिले. २०१२ मध्ये सोलापुरातील कोटणीसांच्या घरी स्मारक खुले झाले. गुओ छिंगलान यांचे निधनही त्याच वर्षीचे.