बुळकांडी, लाळ्या आणि परदेशची बंद दारे



इतिहासाच्या व्यासपीठावर कामगार संघटनेच्या माणसाचे काय काम, असे काहींच्या मनात येईल. आम्ही पंडित नव्हे. आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु या विषयाकडे आम्हांला पुस्तकाने नेले नाही, एका बंद फाटकाने नेले.

काही वर्षांपूर्वी घाटकोपरच्या आमच्या युनियनच्या खोलीत वीस-पंचवीस माणसे येऊन बसली. शहराबाहेरच्या एका कारखान्यात म्हशीच्या मांसातून हाडे काढण्याच्या खात्यात ती रोजंदारीवर होती. फाटकावर पाटी लागली होती: पुढील सूचना मिळेपर्यंत काम बंद. परदेशाने माल थांबवला, आपल्या गुरांत लाळ्या आहे म्हणतात, एवढेच मुकादमाने सांगितले. त्यांतील एका वयस्क कामगाराने विचारले, "भाऊ, रोग कुठल्या गावच्या गुराला, ते आम्हांला ठाऊक नाही. मग उपास आमच्या घरी का?" त्या दिवशी आम्हांला उत्तर देता आले नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो.

परदेशाने दार लावले की आपल्याला तो आपला अपमान वाटतो. पण हे दार लावण्याचा कायदा जगाने कोणत्या अनुभवातून शिकला, हे पाहिले पाहिजे. 1920 साली हिंदुस्थानातून ब्राझीलला निघालेली वशिंडाची गुरे बेल्जियममधील अँटवर्प बंदरात उतरवण्यात आली. त्यांच्याबरोबर बुळकांडी उतरली. हा रोग किती भयंकर, हे आपल्या जुन्या शेतकऱ्यांना सांगावे लागत नसे. गोठेच्या गोठे चार दिवसांत रिकामे होत. बेल्जियमच्या गुरांत तो फैलावला आणि सारे युरोप हादरले. कोणा एकट्या देशाला आपली वेस राखता येणार नाही, रोग उद्भवताच शेजाऱ्याला कळवलेच पाहिजे, हे राज्यकर्त्यांना पटले. 25 जानेवारी 1924 रोजी 28 देशांनी पॅरिसमध्ये करार करून गुरांच्या रोगांसाठी आंतरराष्ट्रीय कचेरी स्थापन केली. आज गुरांचा व मांसाचा व्यापार जिच्या नियमांकडे पाहून चालतो, ती हीच संस्था. तिच्या जन्माला आपल्या किनाऱ्यावरून गेलेली गुरे कारण झाली, हे आपल्याला क्वचितच सांगितले जाते.

आता लाळ्या-खुरकूत. हा रोग बुळकांडीइतका जीवघेणा नाही. माणसाला त्याचे भय जवळजवळ नाही. जनावराच्या तोंडात व खुरांत फोड येतात, लाळ गळते, दूध आटते, बैल कामातून जातो. मात्र तो वाऱ्यासारखा पसरतो. 1967 च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये श्रॉपशायर भागात तो उठला आणि 1968 पर्यंत चार लाखांवर जनावरे मारून पुरावी-जाळावी लागली. अर्जेंटिनाहून आलेल्या हाडासकट कोकराच्या मांसावर संशय गेला. चौकशी समितीने 1969 साली शिफारस केली की रोग असलेल्या देशातून गोमांस घ्यायचे तर हाडे काढलेलेच घ्यावे.

यातले शास्त्र साधे आहे. जनावर कापल्यावर मांस चोवीस तास योग्य थंडाव्यात टांगून ठेवले की त्यात आम्ल तयार होते व रोगाचा विषाणू मरतो. पण हाडांच्या मगजात आणि गाठींत ते आम्ल पोचत नाही. तेथे विषाणू तग धरतो. म्हणून हाडे आणि गाठी काढायच्या. आपल्या देशातून जाणारे म्हशीचे मांस याच रीतीने तयार होते. म्हणजे आमच्या खोलीत येऊन बसलेली ती माणसे केवळ मांस कापत नव्हती. परदेशच्या गोठ्यांचे रक्षण त्यांच्या सुरीने होत होते. हे त्यांना कोणी कधी सांगितले नव्हते, आणि मजुरी ठरवताना मोजलेही नव्हते.

दार लावणारा नेहमीच निर्मळ मनाचा असतो, असेही समजू नका. अमेरिकेने 1927 पासून लाळ्या असलेल्या देशांचे ताजे मांस बंद केले व 1930 साली त्याचा कायदा केला. अर्जेंटिनाचे म्हणणे असे की आमच्या दक्षिणेकडील पॅटागोनियात रोगच नाही, निदान तेथला माल घ्या. 1935 साली तसा करार झाला. पण अमेरिकेतील गुरेवाल्यांचा विरोध होता, आणि तेथील सिनेटने त्याला कधीच मान्यता दिली नाही. रोगाच्या भीतीआड धंद्याचे हित लपते, ते असे. उलट इंडोनेशियाने आपल्याकडे मांस महागले तेव्हा, 2016 साली, आपल्या म्हशीच्या मांसाला वाट दिली. त्याच देशात, जो 1990 पासून रोगमुक्त मानला जात होता, 2022 साली लाळ्या पुन्हा शिरला. तो कोणत्या वाटेने आला, याचा निवाडा आम्ही करीत नाही. पण भीती पोकळ नव्हती, एवढे खरे.

मग आपण करायचे काय? नुसती तक्रार करणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आग गोठ्यात आहे. आपल्याला ती विझवता येते, याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. 1889 साली पुण्यात गुरांच्या रोगांची सरकारी प्रयोगशाळा निघाली व 1893 साली हिमालयात मुक्तेश्वरला गेली. तेथे बुळकांडीवरच्या लशीचे मोठे काम झाले. 1954 साली स्वतंत्र भारताने बुळकांडी निर्मूलनाची मोहीम काढली. गावोगाव टोचणारे हिंडले, ज्यांची नावे कोणत्याही शिलेवर कोरलेली नाहीत. 1995 साली या देशात शेवटची साथ झाली, 2006 साली भारत मुक्त ठरला, आणि 2011 साली पृथ्वीच्या पाठीवरून बुळकांडी गेल्याची घोषणा झाली. अँटवर्पला जो रोग आपल्या गुरांबरोबर उतरला, तो आपण घालवून दाखवला.

लाळ्यासाठीही 2019 साली 13,343 कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. 2030 पर्यंत निर्मूलन हे तिचे ध्येय ठरले. लाळ्याची लस एकदा टोचून भागत नाही, ती ठरावीक काळाने पुन:पुन्हा द्यावी लागते. जोगेश्वरी-गोरेगावच्या तबेल्यातली म्हैस असो की मराठवाड्यातल्या अल्पभूधारकाचा रेडा, एकही जनावर सुटले तर साखळी तुटते. म्हणून टोचणाऱ्याला कायम नोकरी, शेतकऱ्याच्या दाराशी फुकट लस आणि खरी नोंद, या आमच्या दृष्टीने कामगारांच्याही मागण्या आहेत. चौथी मागणी अशी: साथीमुळे काम थांबले तर त्या दिवसांचा भार एकट्या रोजंदारी कामगाराने सोसू नये. माल गेला तेव्हा नफा ज्याने घेतला, त्याने माल अडला तेव्हा वाटा उचलावा.

त्या वयस्क कामगाराला आमचे उत्तर एवढेच आहे. भाऊ, ज्या गोठ्याचे नाव तुम्हांला ठाऊक नाही, त्या गोठ्याशी तुमची चूल जोडलेली आहे. तिथला शेतकरी आणि तुम्ही एकाच बाजूचे. ही गोष्ट दोघांना कळेल तेव्हा पुढच्या पाटीची वाट पाहत बसावे लागणार नाही.