दाढ दुखते तेव्हा जवळ कोण असतं?

मंडळी, संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालात की एक गंमत करून पाहा. आपल्या भागातल्या दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या मोजा. आमच्या कोथरूडात घरापासून भाजीवाल्यापर्यंत जाता-येता मला अकरा पाट्या दिसल्या (निवृत्त मास्तरणीला दुसरं काम काय!). त्यातल्या नऊ पाट्यांवर वेळेच्या खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'रविवारी बंद'. आणि दाढेचा स्वभाव तर तुम्हांला ठाऊकच आहे. ती शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर ठणकायला लागते.

भाचे-पुतणे मला विचारतात, "पूर्वी इतके डॉक्टर नव्हते, मग लोक काय करायचे?" तर आज त्याविषयी.

फार पूर्वीचं थोडक्यात सांगते. सुश्रुतसंहितेतल्या वीस शस्त्रांच्या यादीत 'दंतशंकु' हे खास दातांचं शस्त्र आहे आणि वरचा दात हलत असला तरी उपटू नये, रक्तस्राव होतो, असा इशाराही आहे. पण हे ज्ञान पोथीत राहिलं. खेड्यातल्या माणसाच्या वाट्याला आला तो वैदू. रिंगणीच्या बियांची धुरी तोंडात द्यायची आणि 'ही बघा पडली कीड' म्हणून दाखवायचं, हा उपाय आमच्या आजीच्या पिढीने केलेला आहे. दातात किडा असतो ही समजूत जगभर होती. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली आपल्या ग्रंथात ती खोडून काढली, सूक्ष्मदर्शकातून पाहूनही त्याला किडा दिसला नाही. आपल्या भाषेतून मात्र तो गेलेला नाही. दाताला अजून 'कीड'च लागते!

आता घरातली गोष्ट. आजोबांचे धाकटे भाऊ, आम्ही त्यांना पाहिलेलं नाही, मालवणजवळच्या खेड्यात १९३०च्या आसपास वारले. वय तिशीचं. कारण विचारलं की आजी म्हणायची, "दाढ गळ्यात उतरली." मला लहानपणी हे भाकडकथेसारखं वाटे. पुढे वाचनात आलं की या दुखण्याला नाव आहे. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने १८३६ साली त्याचं वर्णन केलं. खालच्या दाढेच्या मुळाशी झालेला पू जिभेखाली आणि हनुवटीखाली पसरतो, जीभ वर उचलली जाते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाची वाट बंद होते. आजीचे शब्द अगदी बरोबर होते.

त्यांना वाचवता आलं असतं का? पेनिसिलीनचा शोध १९२८ चा, पण ते औषध माणसांच्या हाती आलं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. राहिली शस्त्रक्रिया, म्हणजे पू बाहेर काढून देणं. त्यासाठी मुंबई गाठायला हवी. हे झालं आषाढात, आणि कोकणातल्या बोटी पावसाळ्यात बंद असत. घाटाने बैलगाडी, मग मोटार, मग आगगाडी... चौथ्या दिवशी सगळं संपलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंतमहाविद्यालय सुरू झालं ते १९३३ साली. त्याआधी १९२० साली डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्याला देशातलं पहिलं सुरू केलं होतं. म्हणजे दाताचं शिक्षण घेतलेला माणूस ही शहरांतली, आणि शहरांतही मूठभरांना परवडणारी वस्तू होती.

माझं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. १९६०च्या सुमारास आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दातवाले होते. पदवी नव्हती, वडिलांच्या हाताखाली शिकलेले. पण पाटीवर 'रजिस्टर्ड' लिहिलेलं असे आणि ते खोटं नव्हतं. १९४८च्या दंतवैद्यक कायद्याने नोंदणीची दोन दालनं केली होती. 'अ' भागात पदवीधर आणि 'ब' भागात पदवी नसलेले, पण आधीची निदान पाच वर्षं याच धंद्यावर पोट भरणारे. मला हा कायदा शहाणपणाचा वाटतो. एका फटक्यात सगळ्यांना बेकायदा ठरवलं असतं तर गल्लोगल्लीच्या रुग्णांनी जायचं कुठे? मुंबईत चिनी दंतवैद्यही होते, त्यांच्या पाट्यांवर रंगवलेली भली मोठी कवळी असे. १९६२च्या युद्धानंतर देशातल्या हजारो चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. तो वेगळा आणि दुःखाचा विषय आहे. असो.

आमच्या दातवाल्यांचं दुकान खाली आणि बिऱ्हाड वर. हे महत्त्वाचं! रात्री अकराला कुणी गाल धरून आलं तर खालून हाक मारायची, ते बनियनवर उतरायचे. कोरायचं यंत्र पायाने चालवायचं, शिवणयंत्रासारखं. (अमेरिकेत मॉरिसनने १८७१ साली काढलेल्या यंत्राचा हा वंशज.) बधिर करायची सुई मात्र चांगली होती. स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालेलं लिग्नोकेन तोवर इथवर पोचलं होतं. त्याआधीच्या पिढीने दात कसे उपटून घेतले असतील याची कल्पनाही करवत नाही. तरीही या माणसाचं गुणगान मी करणार नाही. त्यांना एकच इलाज येई, दात काढणं. माझ्या आईचे चाळिशीच्या आत सात दात गेले, आजच्या हिशेबाने त्यातले बरेच वाचले असते. सूज मोठी दिसली की मात्र ते हात लावत नसत, "नायरला जा" म्हणत. गिरगावातून ते चालत जाण्याजोगं होतं. मालवणातून नव्हतं.

पुढे 'ब' भागातली माणसं वयाने संपत गेली. १९५७ साली अमेरिकेत आलेला वाऱ्यावर फिरणारा एअरोटर हळूहळू आपल्याकडेही रुळला, मुळांचे उपचार होऊ लागले. १९८०नंतर खासगी महाविद्यालयं निघाली. आज देशात तीनशेहून अधिक दंतमहाविद्यालयं आहेत. म्हणून तर कोथरूडात अकरा पाट्या! पण डॉक्टर राहतात दुसरीकडे, गाळा भाड्याचा, मदतनीस मुलगी आठला घरी जाते. निर्जंतुक हत्यारं, कॉम्प्रेसर, क्ष-किरण यंत्र हे सगळं एकट्याने मध्यरात्री कसं चालवायचं? त्यांचा दोष नाही. पण रात्री खालून हाक मारायची सोय गेली ती गेलीच.

खरी तातडी कशाला म्हणायचं हे सरकारने लिहून काढलं ते करोनात. मे २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंतवैद्यांसाठी सूचना काढल्या. प्रतिबंधित क्षेत्रात दवाखाने बंद, फक्त फोनवर सल्ला, आणि इतरत्रही तातडीचेच उपचार आधी. तेव्हापासून पुष्कळ डॉक्टर फोनवर फोटो मागवून सल्ला देऊ लागले. आपल्या नेहमीच्या दंतवैद्याचा मोबाइल नंबर आजच घेऊन ठेवा, दाढ शांत आहे तोवर.

नुसता ठणका असेल तर लवंगेच्या तेलाचा बोळा आणि डॉक्टरांनी सांगितलेली गोळी यांवर सोमवार गाठता येतो. अ‍ॅस्पिरिन हिरडीवर ठेवू नका, हिरडी भाजते. पण हनुवटीखाली सूज, ताप, तोंड उघडेना, घोट गिळवेना, असं काही दिसलं तर पाट्या वाचत फिरू नका. मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आणि खेळताना नातवाचा पक्का दात मुळासकट पडला तर मुळाला हात न लावता दुधात घालून अर्ध्या तासात दवाखान्यात पोचा, तो परत बसू शकतो. दुधाचा दात पडला असेल तर तो परत बसवत नाहीत.