समुद्राला लावलेला कान

पाण्यात ध्वनी हवेहून चौपट वेगाने धावतो, हे कोलादाँ व स्टर्म यांनी १८२६ साली जिनिव्हाच्या सरोवरात घंटा वाजवून सिद्ध केले. तथापि समुद्राला कान लावण्याची खरी निकड भासली ती पहिल्या महायुद्धात, जर्मन पाणबुड्यांच्या भयाने. पाण्यातील ध्वनिलहरींचे विजेच्या लहरींत रूपांतर करणारा हायड्रोफोन हाच तो कान. पुढे शीतयुद्धात अमेरिकी नौदलाने सोव्हिएत पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी असे कान समुद्रतळी बसविले.

१९५०च्या दशकात बर्म्युडा बेटानजीक नौदलाचा अभियंता फ्रँक वॉटलिंग्टन याच्या हायड्रोफोनवर लांबलचक, आर्त सूर उमटले. ते हंपबॅक जातीच्या देवमाशांचे होते. शिकाऱ्यांना सुगावा लागू नये म्हणून त्याने त्या ध्वनिफिती जपून ठेवल्या आणि अखेर रॉजर व केटी पेन या दांपत्याच्या स्वाधीन केल्या. सुरांची मांडणी ठराविक क्रमाने पुनःपुन्हा येते, म्हणजेच ते गाणे आहे, असे पेन व मॅक्वे यांनी १९७१ साली दाखवून दिले. त्याच्या आदल्याच वर्षी त्याची ध्वनिमुद्रिका निघाली होती. जे आजवर केवळ तेल व मांस होते, ते लोकांना गाताना ऐकू आले. १९८२ साली आंतरराष्ट्रीय आयोगाने व्यापारी शिकार थांबविण्याचा ठराव केला. त्यामागील लोकमत घडविण्यात या गाण्याचा वाटा मोठा होता. वैऱ्याच्या शोधात बसविलेल्या कानाला असा शेजारी सापडला.