इंडिका नेमकी कुठली?

'इंडिका' म्हटलं की आपल्या पिढीला आधी टाटांची गाडी आठवते. पण मंडळी, आजचा विषय गाडी नाही, गांजा आहे. (घाबरू नका, फक्त इतिहास!) जिथे तो कायद्याने विकता येतो, त्या देशांतल्या दुकानात दोन पाट्या हमखास दिसतात: सटायव्हा आणि इंडिका. पहिल्याने म्हणे तरतरी येते, दुसऱ्याने सुस्ती. ही वाटणी आली कुठून ते बघायला बसलो आणि अख्खा वीकएंड त्यातच गेला.

सुरुवात १७५३ची. लिनियससमोर होतं ते युरोपात दोरखंड आणि शिडांच्या कापडासाठी लावलं जाणारं हेंप. त्याने नाव दिलं कॅनाबिस सटायव्हा. सटायव्हा म्हणजे लागवडीचं, बस्स. पुढे १७८५मध्ये लामार्कने (हो, तोच, जिराफाच्या मानेवाला) भारतातून सोनेराने आणलेले नमुने तपासले. खोड कडक, साल पातळ, धागा काढायला कुचकामी, वास उग्र, आणि मुख्य उपयोग नशेचा. ही वेगळी जाती आहे म्हणून त्याने नाव ठेवलं कॅनाबिस इंडिका. आता 'इंडिका' या शब्दावर फार विसंबू नये बरं का, चिंचेचं शास्त्रीय नावही इंडिकाच आहे आणि चिंच मूळची आफ्रिकेतली!

इथे एक खुलासा. आपल्या विश्वकोशात जाती म्हणजे स्पीशीज आणि प्रजाती म्हणजे जीनस. पेपरवाले सर्रास उलटं लिहितात. मी विश्वकोशाप्रमाणे जातोय, कारण पुढे सगळा खेळ याच दोन शब्दांचा आहे.

आपल्याकडे मात्र वर्गीकरण झाडाचं नव्हतंच, झाडाच्या भागाचं होतं. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा, राळेचा चरस. १८९३-९४च्या इंग्रज सरकारच्या हेंप ड्रग्ज कमिशननेही हीच तीन नावं घेऊन चौकशी केली. मला तर हे जास्त व्यवहारी वाटतं.

खरा गोंधळ अमेरिकेत झाला. तिथल्या १९३७ आणि १९७०च्या कायद्यांत बंदी घातली गेली ती 'कॅनाबिस सटायव्हा एल.' वर. हे एल म्हणजे लिनियस. १९७०च्या दशकात वकिलांना फट सापडली: "माझ्या अशिलाकडे सापडलेली पूड इंडिकाची नाही, सटायव्हाचीच आहे, हे सिद्ध करा." वाळून चुरा झालेल्या पानांवरून जाती कोण ओळखणार? बचावाच्या बाजूने हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ शुल्टेस उभे राहिले. १९७४च्या निबंधात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तीन जाती मानल्या: सटायव्हा, इंडिका, आणि रशियात १९२४मध्ये वर्णन झालेली रुडरॅलिस. विरुद्ध बाजूला कॅनडाचे अर्नेस्ट स्मॉल, त्यांच्या मते जाती एकच. म्हणजे कुणाची तरी तुरुंगातली वर्षं एका लॅटिन विशेषणावर लटकलेली! बहुतेक कोर्टांनी बचाव फेटाळला. १९७५च्या वॉल्टन खटल्यात वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने म्हटलं की, कायदा करणाऱ्यांच्या मनात सगळाच गांजा होता. निकाल मला पटतो, पण मसुदा लिहिणाऱ्याने काम ढिलं केलं होतं हेही खरं.

आपला १९८५चा एनडीपीएस कायदा बघा. त्यात कॅनाबिस प्रजातीचं कुठलंही झाड असं लिहिलंय. १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारातही तसंच आहे. भांगेची पानं व्याख्येबाहेर राहिली ती वेगळी गंमत, पण जातीचा वाद इथे घालताच येत नाही. प्रोग्रामरच्या नजरेने बघितलं तर एक नंबर काम.

पुढे १९७६मध्ये स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट यांनी एकाच जातीच्या दोन उपजाती केल्या आणि मध्ये रेघ मारली, ०.३ टक्के टीएचसीची. टीएचसी म्हणजे नशा आणणारं रसायन. रेघ सोयीपुरती आहे हे स्मॉल यांनी स्वतःच सांगितलं होतं. पण आकडा हातात आल्यावर सरकार थोडंच सोडतं? अमेरिकेच्या २०१८च्या शेती कायद्यात तोच आकडा आला. रेघेच्या खाली हेंप, वर मारिजुआना, आणि पिकाची चाचणी जास्त भरली की शेतकऱ्याला उभं पीक नष्ट करायची वेळ. तडजोडीसाठी काढलेल्या रेघेवर कुणाचा तरी हंगाम जातो.

आणि इंडिका? शुल्टेसनी अफगाणिस्तानात बुटकी, डेरेदार, रुंद पानांची झाडं पाहिली आणि त्यांना इंडिका म्हटलं. बाजाराने तेच उचललं. हिंदुकुश पर्वतावरून आलेलं 'कुश' हे वाणाचं नावही त्याच अफगाणी घराण्यातलं. पण लामार्कचं भारतीय झाड तर अरुंद पानांचं होतं! त्यामुळे आज दुकानात अरुंद पानांचं भारतीय वाण 'सटायव्हा' म्हणून विकलं जातं आणि अफगाणी झाड 'इंडिका'. २०२०मध्ये मॅकपार्टलंड आणि स्मॉल यांनी ही नावं सरळ करायचा प्रयत्न केला. इंडिका हे नाव पुन्हा दक्षिण आशियाकडे, अफगाणी प्रकाराला अफगॅनिका.

जनुकं काय म्हणतात? २०१५च्या कॅनडातल्या अभ्यासात, पूर्ण सटायव्हा म्हणून विकलं जाणारं एक जमैकन वाण आणि पूर्ण इंडिका म्हणवणारं एक अफगाणी वाण जवळजवळ सारखंच निघालं. २०२१च्या अभ्यासात पाट्यांचा संबंध सापडला तो वंशाशी नाही, तर सुगंधी द्रव्यं बनवणाऱ्या मोजक्या जनुकांशी. म्हणजे लावणारे बहुधा वासावरूनच लेबल चिकटवत असावेत.